पृथ्वी सदा राहते आणि पृथ्वी नाहीशीही होते: बायबलमधील या वचनांचा मेळ कसा लावावा?

सोलापुरातील एका मंडळीत तरुणांचा बायबल अभ्यास घेणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उपदेशक १:४ म्हणतो की पिढ्या येतात आणि जातात, पृथ्वी मात्र सदा राहते. मत्तय २४:३५ मध्ये प्रभू येशू म्हणतो की आकाश व पृथ्वी नाहीशी होतील. दावीदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल असे वचन २ शमुवेल ७ मध्ये मिळाले, आणि पुढे बाबेलच्या सैन्याने ते सिंहासन मोडून टाकले. अहरोनाच्या घराण्याचे याजकपण पिढ्यानपिढ्या चालायचे आहे असे निर्गम ४०:१५ सांगते, आणि ते बदलले असे इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय सांगतो. ‘मी बदलत नाही’ असे मलाखी संदेष्ट्याच्या तोंडून म्हणणाऱ्या परमेश्वराला शौलाला राजा केल्याचा अनुताप होतो. गटातील महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलाने ही वचने फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली आणि ‘यातले खरे कोणते?’ असे विचारले. तेव्हा मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी ‘ते जुन्या करारातले, हे नव्या करारातले’ एवढे सांगून विषय मिटवला.

ताई, तेवढ्या उत्तराने आपले समाधान झाले नाही हे योग्यच झाले, कारण ते उत्तर मजकुराला धरून नाही. आकाश व पृथ्वी नाहीशी होतील हे प्रथम नव्या कराराने सांगितलेले नाही. स्तोत्र १०२ मध्ये, प्रभू येशूच्या जन्मापूर्वी कित्येक शतके, एक आजारी आणि खचलेला माणूस परमेश्वराला म्हणतो की तू पृथ्वीचा पाया घातलास, आकाश तुझ्या हातचे काम आहे, ती नाहीशी होतील, वस्त्रासारखी जीर्ण होतील, पण तू तोच आहेस. यशया ५१:६ मध्ये आकाश धुरासारखे विरते आणि पृथ्वी कपड्यासारखी विटते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर टिकणाऱ्या गोष्टींविषयी नवा करारही बोलतो; विश्वास, आशा व प्रीती ही तिन्ही टिकतात असे पौल करिंथकरांना लिहितो. म्हणजे ही दोन्ही सुरांची वचने दोन्ही करारांत आहेत, आणि पुष्कळदा एकाच पुस्तकात आहेत. एक करार दुसऱ्याला खोडतो असे समजण्याला येथे आधार नाही.

माझा वर्गातला अनुभव असा आहे की अशा वेळी मुलांना ‘खरे कोणते’ या प्रश्नापासून सोडवून ‘कोणाच्या मानाने’ या प्रश्नाकडे न्यावे लागते. टिकणे हा बायबलमध्ये वस्तूच्या अंगचा गुण म्हणून क्वचितच सांगितलेला आहे. सांगणारा कोणाशी तरी तुलना करत असतो, आणि ती तुलना बहुधा त्याच वाक्यात किंवा त्याच्या आगेमागे दिलेली असते. उपदेशकाचे वाक्य पुरते वाचा: पिढी जाते, पिढी येते, आणि पृथ्वी राहते. येथे एका पारड्यात माणसाची पिढी आहे आणि दुसऱ्यात पृथ्वी. माणूस जन्मभर राबतो, त्याच्या हाती काय उरते, या प्रश्नाने तो अध्याय सुरू होतो. सूर्य उगवतो नि मावळतो, वारा फिरून फिरून पुन्हा तिथेच येतो, नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही, हे सगळे त्या प्रश्नाच्या पुष्टीसाठी आलेले आहे. पृथ्वी विश्वाच्या अंतापर्यंत कशी राहील याची चौकशी उपदेशक करतच नाही. स्तोत्र १०२ मध्ये पारडी बदललेली आहेत. तेथे पृथ्वीसमोर परमेश्वर आहे, आणि त्याच्या मानाने तीच पृथ्वी अंगावरून उतरवून ठेवायच्या कपड्यासारखी ठरते.

सोलापूरच्या मुलांना हे समजायला जड जाऊ नये. आपल्या गिरण्यांत कामगार दोन तऱ्हेचे असत, बदली आणि कायम. बदलीवाल्याला रोज हजेरीच्या वेळी उभे राहावे लागे, कोणी गैरहजर असला तर काम मिळे. कायम कामगाराची जागा ठरलेली असे, आणि घरात कोणी कायम झाला की त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होत. पुढे गिरण्याच एकामागून एक बंद पडल्या आणि कायम कामगारही घरी बसला. म्हणून त्याला कायम म्हणणारे सगळे खोटे बोलत होते असे कोणी म्हणत नाही. बदलीवाल्याच्या मानाने तो कायमच होता. गिरणीपेक्षा जास्त कायम मात्र तो होऊ शकत नव्हता. दाखला एवढ्यापुरताच घ्यावा, कारण परमेश्वर बंद पडणाऱ्या गिरणीसारखा नाही, आणि पुढचा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे.

ही तुलनेची रीत मी बाहेरून लादत नाही, हे दाखवायला हबक्कूक ३:६ पुरेसे आहे. तेथे परमेश्वर उभा राहून पृथ्वी मापतो आणि सनातन पर्वतांचे तुकडे होतात, पुरातन टेकड्या खचतात. संदेष्ट्याने त्या पर्वतांना सनातन म्हटले आणि त्याच दमात ते फुटले असेही म्हटले. त्याला विसंगती जाणवली नाही असे मानणे म्हणजे त्याला भाषा येत नव्हती असे मानणे होय. माणसाला जे सर्वांत जुने, सर्वांत हलणार नाही असे वाटते त्याला तो त्याच नावाने हाक मारतो, आणि मग ते कोणासमोर हलते हे सांगतो. यशया ५४:१० चीही रचना तीच आहे: डोंगर सरतील, टेकड्या ढळतील, पण माझी दया तुझ्यापासून सरणार नाही. डोंगर सहज सरत नाहीत हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसते तर या वाक्यात काही जोरच राहिला नसता.

माणसांच्या बाबतीतही असेच दिसते. निर्गम २१:६ मध्ये धन्याला सोडून न जाणाऱ्या दासाचा कान टोचतात आणि तो सर्वकाळचा दास होतो. येथे सर्वकाळ म्हणजे फार तर त्याच्या हयातीपर्यंत. मिश्ना हा यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह तर आणखी अलीकडे रेघ ओढतो आणि म्हणतो की योबेल, म्हणजे दर पन्नासावे सुटकेचे वर्ष, उजाडले किंवा धनी वारला की असा दास मोकळा होतो. हन्ना आपल्या शमुवेलाला परमेश्वराच्या घरी सर्वकाळ राहण्यासाठी नेईन म्हणते, आणि सहाच वचनांनंतर तीच गोष्ट ‘तो जिवंत असेपर्यंत’ अशी सांगते. योना माशाच्या पोटातून म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यामागे कायमचे लागले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो बाहेर असतो. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याचे आयुष्य जेवढे, तेवढे त्याचे ‘सर्वकाळ’.

आता पृथ्वीच्या नाहीसे होण्याविषयी. येथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण आपल्या मंडळ्यांत या विषयावर जे ऐकू येते ते बरेचसे २ पेत्र ३ च्या एका वचनावर उभे असते, आणि तो अध्याय पूर्ण वाचलेला नसतो. आपल्या विद्यार्थ्याने उपस्थित केलेला वाद त्या अध्यायातच आहे. चौथ्या वचनात थट्टा करणारे लोक म्हणतात की वाडवडील निजले तरी सृष्टीच्या आरंभापासून सगळे होते तसेच चालले आहे. हा उपदेशकाच्या पहिल्या अध्यायासारखाच सूर आहे, फक्त येथे तो उपहासाने लावला आहे. पत्राचे उत्तर असे की तुम्ही जलप्रलय विसरता. तेव्हाचे जग पाण्यात बुडून नाश पावले. आता नोहा तारवातून उतरला तो कशावर उतरला? त्याच पृथ्वीवर, जेथे त्याने पुढे द्राक्षमळा लावला. पत्राचा लेखक त्या जगाचा नाश झाला असे बेलाशक म्हणतो, आणि पृथ्वी तर राहिली होती. तेव्हा सहाव्या वचनातला नाश पुसून टाकण्याचा नसेल, तर दहाव्या वचनातल्या अग्नीचा अर्थ पृथ्वीचे नामोनिशाण न उरणे असाच घेतला पाहिजे, ही सक्ती उरत नाही.

त्यातही दहाव्या वचनाचा शेवट हस्तलिखितांत एकसारखा नाही. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन जुन्या ग्रीक प्रतींत पृथ्वी व तिच्यावरील कामे ‘सापडतील’, म्हणजे उघडी पडतील, असा पाठ आहे. पुष्कळ नंतरच्या प्रतींत ती ‘जळून जातील’ असा आहे. जुनी भाषांतरे बहुतेक दुसऱ्या पाठावर झालेली असल्यामुळे आपल्या कानांना तोच परिचित आहे. मी पहिला पाठ अधिक विश्वसनीय मानतो, कारण अवघड वाक्य सोपे करून ठेवण्याकडे नक्कलकाराचा कल असतो, सोपे वाक्य अवघड करण्याकडे नसतो. तरी सगळा निर्णय या एका पाठावर टांगू नये. तेराव्या वचनात त्या अध्यायाची दृष्टी नव्या आकाशाकडे व नव्या पृथ्वीकडे जाते, जिच्यात नीतिमत्त्व वास करते, आणि तेथेच यशया ६५ व ६६ चा आधार आहे. यशया ६६:२२ सांगतो की ती नवी पृथ्वी परमेश्वरासमोर टिकून राहील.

मंडळीच्या इतिहासात यावर दोन मते दीर्घकाळ चालत आली आहेत. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियसाने लिहिले की सृष्टीचे मूळ द्रव्य नष्ट होत नाही, या जगाची रीत तेवढी जाते. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या खंडात १ करिंथ ७:३१ चा आधार घेऊन तेच सांगितले: रूप जाते, स्वभाव जात नाही. उलट सतराव्या शतकातील लूथरपंथी पंडित योहान गेरहार्ट याच्यासारख्यांनी जग पूर्णपणे नष्ट होईल असे मांडले, तर त्याच काळातील कॅल्विनच्या परंपरेतल्या बहुतेकांनी नूतनीकरणाची बाजू धरली. माझा कल इरेनियस आणि ऑगस्टीन यांच्याकडे आहे, आणि त्याचे मुख्य कारण रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आहे. तेथे सृष्टी कण्हते, वेणा देते, आणि नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहते. जिला मुक्त करायचे तिला संपवून टाकले तर मुक्ती कोणाची झाली? तथापि गेरहार्टच्या बाजूचा माणूस बायबल नाकारतो असे मुलांना सांगू नये. प्रकटीकरण २१:१ मध्ये पहिली पृथ्वी निघून गेली असे सरळ लिहिलेले आहे, आणि त्या वचनाचे वजन त्याने मनापासून पेललेले असते.

येथे आपल्या भागापुरती एक अडचण नमूद करतो, जी परदेशी टीकाग्रंथांत सापडणार नाही. पंढरपूर आणि मंगळवेढा ज्या जिल्ह्यात आहेत तेथे वाढलेल्या कोणाच्याही कानावर, तो ख्रिस्ती असो वा नसो, संसार नश्वर आहे, देह क्षणभंगुर आहे, हे लहानपणापासून पडलेले असते. त्यामुळे ‘नाहीसे होईल’ हे शब्द वाचताच आपला मराठी वाचक नकळत पुढची पायरी चढतो: जे जाणार ते खरे नव्हतेच, ते मायिक आहे, त्यात जीव गुंतवू नये. मला त्या परंपरेविषयी आदर आहे आणि कीर्तन ऐकायला मीही बसतो, पण बायबलचा लेखक ही पायरी चढत नाही. जी पृथ्वी कपड्यासारखी विटणार आहे तीच पृथ्वी उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात फार चांगली म्हटली आहे. गवत वाळते म्हणून गवत खोटे नाही. स्तोत्र १०३ मध्ये माणसाचे दिवस गवतासारखे आहेत हे सांगण्याआधीच परमेश्वर आपली घडण जाणतो म्हणून बापासारखा कळवळतो, असे म्हटलेले आहे. उपदेशकसुद्धा, ज्याला सगळे व्यर्थ दिसते, तो खाण्यापिण्यात, कष्टात आणि आवडत्या बायकोच्या सहवासात आनंद मान असेच सुचवतो. नश्वर आणि मिथ्या या दोन गोष्टी मुलांच्या मनात वेगळ्या झाल्याशिवाय या वचनांचा ताण त्यांना भलत्याच ठिकाणी जाणवत राहील.

आता दावीदाचे सिंहासन. हे सर्वांत अवघड आहे, आणि ‘कोणाच्या मानाने’ या किल्लीने ते उघडत नाही. २ शमुवेल ७ मधले अभिवचन स्पष्ट आहे: तुझे घराणे आणि राज्य टिकेल, तुझे सिंहासन सर्वकाळ स्थापित होईल, तुझ्या वंशजाने पाप केले तर मी त्याला छडी लावीन, पण माझी दया काढून घेणार नाही. तेच अभिवचन स्तोत्र १३२ आणि १ राजे २:४ मध्ये मात्र ‘तुझ्या मुलांनी माझा करार पाळला तर’ अशा अटीसह येते. इ.स.पू. ५९७ मध्ये तरुण राजा यहोयाखीन बाबेलला नेला गेला आणि सुमारे ५८६ मध्ये यरुशलेम, मंदिर आणि राजवाडा यांची राखरांगोळी झाली. त्यानंतर दावीदाच्या वंशातला कोणीही यरुशलेमात सिंहासनावर बसला नाही.

स्तोत्र ८९ हा या घटनेवरचा बायबलचा स्वतःचा आक्रोश आहे, आणि मी तर म्हणेन की आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्याच्यापेक्षा तिखट शब्दांत तेथे आधीच विचारलेला आहे. सदतिसाव्या वचनापर्यंत स्तोत्र अभिवचनाची उजळणी करते: सिंहासन सूर्यासारखे राहील, चंद्रासारखे सर्वकाळ स्थिर राहील. अडतिसावे वचन ‘परंतु तू’ असे म्हणून उलटते: तू त्याला टाकलेस, आपल्या सेवकाचा करार तुच्छ मानलास, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, त्याचे सिंहासन जमिनीवर आपटलेस. हे परमेश्वरा, सत्यतेने दावीदाशी शपथ वाहिलेली तुझी पूर्वीची दया कोठे आहे? या प्रश्नाला त्या स्तोत्रात उत्तर मिळत नाही. शेवटचे धन्यवादाचे वचन स्तोत्रांच्या तिसऱ्या भागाची समाप्ती म्हणून आहे. स्तोत्राचा स्वतःचा शेवट शत्रूंच्या निंदेवर होतो. आपल्या उपासनेत बहुधा पहिलाच भाग वाचला जातो, ही आपली सोय आहे.

संदेष्ट्यांनी या गाठीकडे कसे पाहिले ते पाहिले म्हणजे काही उमगते. एली याजकाच्या घराण्याविषयी परमेश्वर १ शमुवेल २:३० मध्ये म्हणतो की तुझे घराणे माझ्यासमोर सर्वकाळ चालेल असे मी म्हणालो होतो खरे, पण आता ते माझ्यापासून दूर असो, कारण जे माझा मान राखतात त्यांचा मी मान राखीन. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरी हीच गोष्ट नियमाच्या रूपात सांगितली आहे: एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असे मी म्हटले आणि ते वळले तर मी अनिष्ट आणणार नाही, बांधीन असे म्हटले आणि ते बिघडले तर बांधणार नाही. योनाने निनवेत ‘चाळीस दिवसांनी नगर उलथेल’ असे बिनशर्त सांगितले, नगर वळले, आणि ते उलथले नाही. योना त्यावर रागावला, आणि परमेश्वर असाच दयाळू आहे हे मला आधीच ठाऊक होते असे तो म्हणतो. म्हणजे अट न बोललेली असली तरी ती आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होते. अभिवचन हे दोन जिवंत पक्षांमधले असते.

पण दावीदाच्या बाबतीत एवढ्यावर थांबता येत नाही, कारण तेथे ‘पाप केले तरी दया काढणार नाही’ असेही म्हटले आहे. यहोयाखीनाच्या कथेत हे दोन्ही धागे हातात येतात. यिर्मया २२ मध्ये परमेश्वर त्याच्याविषयी म्हणतो की तू माझ्या उजव्या हातातली मुद्रा, म्हणजे शिक्क्याची अंगठी, असतास तरी मी तुला उपटून काढले असते, आणि तुझ्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. यापेक्षा अंतिम भाषा कोणती असेल? तरी राजांचे दुसरे पुस्तक संपते ते त्याच यहोयाखीनावर: बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलचा राजा त्याला तुरुंगातून काढतो, त्याचे वस्त्र बदलतो, आणि तो आमरण राजाच्या पंक्तीला जेवतो. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ मध्ये अर्न्स्ट वाइडनर याने प्रसिद्ध केलेल्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या राजाला आणि त्याच्या पाच पुत्रांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. वंश संपला नव्हता, हे बाबेलच्या कोठारातला हिशेबसुद्धा सांगतो. आणि इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्टा त्याच्या नातवाला, जरुब्बाबेलाला, म्हणतो की मी तुला मुद्रेसारखा करीन. काढून फेकलेल्या मुद्रेचाच हा शब्द आहे, योगायोगाने आलेला नाही.

जरुब्बाबेल राजा झाला नाही. सिंहासन रिकामेच राहिले, आणि अभिवचन उघडेच राहिले. लूक १:३२-३३ मध्ये गब्रीएल मरियेला सांगतो की तिच्या पुत्राला त्याचा पूर्वज दावीद याचे सिंहासन मिळेल आणि त्याच्या राज्याला अंत असणार नाही. ख्रिस्ती या नात्याने मी तेथे अभिवचनाची पूर्ती पाहतो. पण तरुणांना शिकवताना लूककडे घाईने उडी मारू नये. मधली पाचशे-सहाशे वर्षे लोकांनी ते मोडलेले अभिवचन हातात धरूनच प्रार्थना केली, हे त्यांना कळू द्यावे.

याजकपणाविषयी थोडक्यात सांगतो. इब्री लोकांस पत्राचा युक्तिवाद असा की अहरोनाचे याजक मरत असत म्हणून ते पुष्कळ होते, आणि जो सर्वकाळ जिवंत आहे त्याचे याजकपण बदलत नाही. म्हणजे येथेही टिकण्याचे मोजमाप धारण करणाऱ्याच्या आयुष्यावरून होते. मात्र हे ख्रिस्ती उत्तर आहे हे विसरू नये. कोकणातल्या आपल्या बेने इस्राएल या यहुदी बांधवांनी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे शनिवार तेली हे नाव पडले, उत्पत्ती १७:१३ मधला सर्वकाळचा करार शब्दशः धरून सुंता आणि शब्बाथ शतकानुशतके सांभाळले. त्यांना कोणी ‘तुमचे सर्वकाळ संपले’ असे तोंडावर सांगू नये. स्वतः पौल रोमकरांस ११:२९ मध्ये देवाची कृपादाने व पाचारण माघारी घेतली जात नाहीत असे इस्राएलाविषयीच लिहितो.

परमेश्वराच्या अनुतापाचा प्रश्न मुलांना मोठा वाटतो. मला तो तेवढा वाटत नाही. १ शमुवेल १५ हा एकच अध्याय आहे: अकराव्या आणि पस्तिसाव्या वचनांत परमेश्वराला अनुताप होतो, आणि मधल्या एकोणतिसाव्यात शमुवेल म्हणतो की तो मनुष्य नाही की त्याने अनुताप करावा. लिहिणाऱ्याने ही तिन्ही वाक्ये एका पानावर ठेवली, तेव्हा ती एकत्र वाचली जावीत अशीच त्याची इच्छा होती. शौलाशी परमेश्वराचे वागणे बदलले, कारण शौल बदलला; लाच, भीती किंवा लहर यांमुळे तो फिरत नाही, हे शमुवेलाचे म्हणणे. मलाखी ३:६ मध्येही ‘मी बदलत नाही’ याच्या पुढचे शब्द ‘म्हणून तुम्ही नष्ट झाला नाहीत’ असे आहेत. त्याचे न बदलणे तेथे लोकांच्या जिवंत राहण्याचे कारण म्हणून आले आहे.

एक चाणाक्ष मुलगा यावर नक्की विचारील: ‘सर्वकाळ’ असे आखूड होत असेल, तर सार्वकालिक जीवनही तसेच आखूड होणार नाही काय? प्रश्न रास्त आहे, आणि ऑगस्टीनने मत्तय २५:४६ वर लिहिताना एकाच वाक्यातला तोच शब्द एकीकडे लांब आणि एकीकडे आखूड कसा धरता येईल, असे विचारलेच होते. शिक्षेच्या बाजूविषयी ख्रिस्ती लोकांत आजही मतभेद आहेत आणि त्यात मी येथे शिरत नाही. जीवनाविषयी मात्र आपण आतापर्यंत जो नियम पाहिला तोच येथेही लागू पडतो, उलट जास्त घट्ट लागू पडतो. दासाचे सर्वकाळ त्याच्या हयातीइतके, याजकाचे त्याच्या मरणापर्यंत, पृथ्वीचे तिच्या धारकाच्या इच्छेपर्यंत. योहान १४:१९ मध्ये प्रभू येशू म्हणतो की मी जिवंत आहे म्हणून तुम्हीही जिवंत राहाल. ते जीवन त्याच्या आयुष्याला बांधलेले आहे, आणि त्याच्या आयुष्याला मर्यादा नाही.

पुढच्या अभ्यासासाठी माझी सूचना अशी आहे की फळ्यावरची वचने पुसू नका. मुलांना प्रत्येक वचनाच्या वरची आणि खालची दहा-दहा वचने वाचायला सांगा, आणि बोलणारा कोण, कोणाशी बोलतो, तुलना कोणाशी, एवढे तीन प्रश्न विचारा. त्यानंतर स्तोत्र ८९ पूर्ण, म्हणजे अडतिसाव्या वचनापुढचेही, मोठ्याने वाचून घ्या आणि मध्ये काही न समजावता लगेच स्तोत्र ९० वाचा. ज्यांनी स्तोत्रे या क्रमाने लावली त्यांनी सिंहासन कोसळल्याच्या आक्रोशानंतर मोशेची प्रार्थना ठेवली आहे: पर्वत उत्पन्न होण्यापूर्वी, अनादी काळापासून अनंत काळापर्यंत, तूच देव आहेस, आणि माणूस सकाळी उगवून संध्याकाळी वाळणारे गवत आहे. आपल्याकडे हे स्तोत्र अंत्यविधीला वाचतात, त्यामुळे मुले ते मरणाशी जोडतील. त्यांना शेवटच्या वचनापर्यंत न्या, कारण तेथे तीच गवतासारखी माणसे, आपण टिकणार नाही हे मान्य करून झाल्यावर, आमच्या हातांचे काम आमच्यासाठी स्थिर कर अशी मागणी करतात, आणि ती दोनदा करतात. ही मागणी करण्याचा हक्क त्यांना कोठून मिळाला, हा प्रश्न त्या रविवारी मुलांवर सोपवा आणि पुढच्या रविवारी त्यांच्याकडून उत्तरे घ्या.